चार उपासक आणि एक भामटा

९ जानेवारी

भावजी यांस,

देवाच्या कृपेने घरात सगळे बरे आहेत, मी सोडून.

काल फोन मधेच बंद झाला तो लाइन गेली म्हणून नव्हे. मी ठेवला. तुम्ही फोनवर आधी हसता, मग "अहो वहिनी, तसं नाही हो" म्हणता, आणि मग नेमकं तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. तुम्ही सातवीत होतात तेव्हा मी या घरात आले. चष्म्याच्या काचा घासून घासून तुमचं बोलणंही तसंच गुळगुळीत झालंय, धरायला जावं तर सटकतं. म्हणून आता जे सांगायचं ते कागदावर सांगा. कागदावर हसून वेळ मारून नेता येत नाही.

मला समजलं ते एवढंच, की मार्चमधल्या सामन्यासाठी मंडळाचा चौघांचा संघ ठरला आणि त्यात मी नाही.

चार वर्षं झाली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सव्वासातची बस धरून मी तुमच्याकडे येते. सायकलच्या दुकानावरची ती खोली, पंखा फिरतो पण वारा लागत नाही अशी. तुम्हीच मला त्या टेबलाशी बसवलंत. "वहिनी, सोपं आहे. सूत्रधार गुहेची गोष्ट सांगतो, आपण चौघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करणार ते बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्राणांक संपले की माणूस पडला." दातांचे डॉक्टर लढवय्या झाले, तो सहा फुटी वायरमन, ज्याला तुम्ही बारक्या म्हणता, तो मांत्रिक झाला, तुम्ही भामटा झालात. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. "वहिनी देवदेव करतात, त्या उपासिका." म्हणजे सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि पडलेल्यांना उठवायचं. घरी करते तेच, फक्त तिकीट काढून.

तरी मी हूं की चूं केलं नाही. का ते आज सांगते. घरात मला सगळे विचारतात, "आज काय केलंय?" त्या टेबलाशी सूत्रधार विचारतो, "तुम्ही काय करणार?" हा प्रश्न मला मॅट्रिकनंतर कुणी विचारला नव्हता.

तेव्हा माझ्या जागेवर कोण बसणार आणि का, ते लिहा. खरं कारण लिहा.

तुमची वहिनी


१७ जानेवारी

ती. वहिनींना नमस्कार,

पत्र वाचलं. तुम्ही रागावणार हे ठाऊक होतं, पण रागावून पत्र लिहाल असं वाटलं नव्हतं. घरी पत्र लिहून मला किती वर्षं झाली तेही आठवत नाही.

वहिनी, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. हा निव्वळ ताकदीचा विचार आहे. सामन्याचा नियम तुम्हाला माहीत आहे: सात खोल्यांची गुहा, तीन तास, आणि शेवटच्या दारातून जितकी माणसं बाहेर पडतील तितके गुण. मंडळाने मला चारही पेशांची तुलना करायला सांगितली, ती मी शास्त्रशुद्ध केली.

लढवय्या घ्या. लोखंडी कवच, साठ प्राणांक, एका घावाला दहा-बारा सहज. तो दारात उभा राहिला की दार बंद. भामट्याचा घाव लहान, पण पाठीमागून बसला तर तिप्पट. शिवाय कुलपं, सापळे, लपणं, सटकणं. मांत्रिक म्हणाल तर अंगाने कागद, वीस प्राणांकांत आटोपतो, पण त्याचा एक अग्निगोळा एका खोलीत आठ जणांना झोपवतो. ताकदीच्या हिशेबात मांत्रिक सगळ्यांत भारी, यावर कुठल्याही मंडळात दुमत नाही. उरला उपासक. त्याची गदा चार प्राणांकांची, मंत्र जवळजवळ नाहीत, आणि दिवसाला तीन प्रार्थना, म्हणजे तीन वेळा पडलेल्याला उठवणार. तेवढं काम औषधाच्या कुप्या करतात, आणि कुप्या कुणीही खिशात ठेवू शकतो. थोडक्यात, मांत्रिक भारी आणि उपासक हलका.

म्हणून एक उपासक काढून दुसरा मांत्रिक घ्यायचा असं ठरलं. त्या विमावाल्या बाई येतात ना हल्ली, त्यांना सगळे मंत्र पाठ आहेत. मंडळाचा निर्णय एकमताचा आहे. तुमच्याविषयी सगळ्यांना आदरच आहे.

दादाला सांगा, नवीन चष्मा तयार आहे.

तुमचा धाकटा


२१ जानेवारी

भावजी यांस,

हलका!

तुमचं पत्र मी भाजी फोडणीला टाकून वाचायला घेतलं आणि फोडणी करपली. हलका पेशा! शेजारच्या शिवणवाल्या बाईंना वाचून दाखवलं, तर त्याही म्हणाल्या, "दिराने वहिनीला असं लिहावं?" हलकं काम कोण करतं आणि कुणाकडून करून घेतात, ते मला शिकवू नका. पडलेल्याला उठवणं हलकं, आणि पाठीमागून सुरा खुपसणं तिप्पट गुणांचं. वा रे शास्त्र.

आता माझं शास्त्र ऐका. मी वही ठेवते हे तुम्हाला माहीत आहे. घरातलं दूध लिहिते तसा त्या टेबलावरचा प्रत्येक खेळ लिहिलाय. अडतीस खेळ झाले. त्यात तुमचा तो सगळ्यांत भारी मांत्रिक एक्केचाळीस वेळा पडला. लढवय्या एकोणतीस. तुम्ही सतरा. तुम्ही कमी पडता, कारण मार बसतो तिथे तुम्ही नसता. एकूण सत्त्याऐंशी वेळा तुमची माणसं आडवी झाली, त्यातली शहात्तर वेळा मी उठवली. आणि मी स्वतः सहा वेळा पडले तेव्हा कुणी उठवलं? कुणीही नाही. पडल्या पडल्या तुमची बडबड ऐकत होते.

अग्निगोळ्याचं म्हणता. अरुंद बोळात बारक्याने टाकलेला तो गोळा विसरलात? पिशाच्च राहिलं बाजूला, आपल्याच लढवय्याच्या मिशा गेल्या. डॉक्टर दोन रविवार त्याच्याशी बोलले नाहीत. तेव्हा लढवय्यालाही मीच उठवलं आणि त्या दोघांची समजूतही मीच घातली. ते कुठल्या तक्त्यात बसतं?

आणि कुपी. भावजी, कुपी बेशुद्ध माणसाच्या तोंडात आपली आपण जात नाही. पाजायला माणूस लागतो. तो जवळ यावा लागतो, खाली बसावा लागतो, आणि तेवढा वेळ राक्षसाकडे पाठ करावी लागते. तुमच्यापैकी कोण करणार? दोन मांत्रिक? ते तर एकमेकांकडे बघत राहतील, आधी कोण म्हणून.

तुम्ही तुलना लिहिलीत, कारण लिहिलं नाहीत. मी कारण मागितलं होतं.

यांचा चष्मा पार्सलने पाठवा. मी न्यायला येणार नाही.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

आता मलाही राग आला आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो.

हलका म्हणजे अंगावरचं कवच हलकं! लढवय्याचं कवच तीस किलो, उपासकाचं चामड्याचं, पाच किलो. नियमाच्या पुस्तकात 'हलके कवच' असाच शब्द आहे. मी वजनाचं बोलत होतो, तुम्ही ते शिवणवाल्या बाईंपर्यंत नेलंत! उद्या सगळी गल्ली म्हणणार की चष्मेवाल्याने वहिनीला हलकी म्हटलं.

आणि तुम्हीच वही काढलीत म्हणून विचारतो. उपासिकेला एका खेळात तीन प्रार्थना. तुम्ही अडतीस खेळांत उठवलेत शहात्तर. अडतीस दुणे शहात्तर, वहिनी! बरोब्बर! म्हणजे चार वर्षांत तिसरी प्रार्थना तुम्ही एकदाही वापरली नाही. सत्त्याऐंशीतून शहात्तर गेले, राहिले अकरा. अकरा वेळा आपला माणूस समोर पडलेला, तुमच्या पदरात प्रार्थना शिल्लक, आणि तुम्ही दिली नाहीत. तेलाच्या बाटलीत शेवटचं तेल ठेवतात तशी तुम्ही ती ठेवलीत. काटकसर घरात शोभते. खेळ संपल्यावर उरलेली प्रार्थना घरी नेता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये दोरीच्या पुलावर काय झालं आठवतं ना? बारक्याचा मांत्रिक पुलावर बेशुद्ध होता. तीन फेऱ्यांत उठवलं नाही तर दरीत, आणि दरीत गेला तो कायमचा गेला. चार वर्षं वाढवलेलं पात्र. तुम्ही हात जोडलेत, गप्प बसलात आणि म्हणालात, "राहू दे एक." तो गेला. एवढा मोठा माणूस, खाली मान घालून जिना उतरला.

आणखी एक. नियमाप्रमाणे प्रार्थनेचं वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं. तुम्ही कधीच म्हणत नाही, नुसते हात जोडता. सामन्यात परीक्षक अशाने प्रार्थना रद्द धरतील.

हे सगळं तोंडावर सांगायचं नव्हतं म्हणून तुलना लिहिली. आता मिळालं कारण?

धाकटा


४ फेब्रुवारी

भावजी यांस,

अडतीस दुणे शहात्तर. मान्य, वहीत खरंच दर खेळाला दोनच आहेत. माझ्याच वहीने माझाच कान धरला. पत्र आलं त्या दिवशी देवापुढे बसले तरी डोळ्यांपुढे अकराचा आकडा येत राहिला. मग वही घेतली आणि ते अकरा प्रसंग एकेक करून वाचले.

तुम्हीही वाचायला हवे होते. त्या अकरांपैकी नऊ वेळा भामटा टेबलावर कुठेच नव्हता. नऊ वेळा वहीत मी लिहिलंय, "भावजी पुढे गेले, सांगून गेले नाहीत." उरलेल्या दोन वेळा मी चुकले. ते मी कबूल करते, त्याच पानावर तसं लिहूनही ठेवलंय.

पुलाचंच घ्या. बारक्या पडला तेव्हा तुम्ही पलीकडच्या काळ्या दारात शिरला होतात. तुमच्याकडे प्राणांक किती होते? दोन. मी तीनदा विचारलं, "भावजी कुठे आहेत?" सूत्रधार म्हणाला, "ते दिसत नाहीत." माझ्याकडे एक प्रार्थना. एक माणूस समोर पडलेला, एक दिसत नाहीसा. घरात शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पातेलं घासायला टाकत नाहीत हो. आणि या घरात शेवटचा माणूस दहा वर्षं कोण होता? शाळा सुटल्यावर, क्लास सुटल्यावर, मित्रांचे घोळके सुटल्यावर, झाकून ठेवलेलं ताट कुणाचं असायचं? मला हिशेब करायची गरज पडली नाही. हात आपला आखडला. ती प्रार्थना तुमच्यासाठी ठेवली होती. बारक्याची क्षमा मी मागितली आहे, त्याच संध्याकाळी जिन्यात. तो म्हणाला, "वहिनी, गोष्टच आहे." तुम्ही मागितलीत का? न सांगता पुढे गेलात त्याबद्दल?

आता न बोलण्याचं. पुस्तकातलं ते वाक्य मी वाचलंय, "हे प्रकाशेश्वरी, तुझ्या दासीला बळ दे." अशी कुणी देवी नाही. ती पुस्तक लिहिणाऱ्याने बसून केली. खोट्या देवीला खरा नमस्कार कसा करू? आणि माझ्या देवाला खोट्या जखमेसाठी कशी बोलावू, वर फाशाचं दान मागू? म्हणून हात जोडते आणि गप्प राहते. कुणाचंच नाव घेत नाही. तेवढ्याने माझं मन राहतं आणि तुमचा खेळही चालतो. चार वर्षं चालला. आता सामना आला तर अडला?

ही कारणंही खरी नाहीत. खरी असती तर तुम्ही मला नोव्हेंबरातच म्हणाला असतात, "वहिनी, तिसरी वापरा, आणि वाक्य म्हणा." एका वाक्याचं काम होतं. घरातून माणूस काढायला एवढं कारण पुरत नाही.

आणि हो. सामन्याच्या जाहिरातीत लिहिलंय, कुणीही चौघं नाव देऊ शकतात. नियमाचं पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. चौघांचे पेशे वेगवेगळे हवेत असं एकाही पानावर नाही. मी नाव दिलंय. शिवणवाल्या बाई, मागच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टर, मी, आणि तुमचे दादा. चौघंही उपासक.

बघू या हलके किती ते.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

दादा?? दादाने जन्मात सोंगट्या हातात धरल्या नाहीत. बस डेपोत वेळा लिहिणारा माणूस तो, गुहेत शिरल्यावर सूत्रधाराला विचारेल, "पुढची गाडी कितीला?" त्याला कशाला ओढलंत यात? मला चिडवायला ना?

चार उपासक ही थट्टा आहे. दाराला कुलूप असेल तर कोण उघडणार? राक्षसाला कोण मारणार? गदेचे चार प्राणांक घेऊन तुम्ही त्याला पुढच्या वर्षापर्यंत बडवत बसाल. तुमचं म्हणणं खरं आहे, मी आधी बोलायला हवं होतं, तेवढं मान्य. पण रागाच्या भरात चारचौघांत स्वतःचं हसं करून घेऊ नका. हॉलमध्ये तीस संघ असतात. सगळे मला ओळखतात. लोक हसतील, वहिनी. तुमच्यावर हसतील आणि मला ते बघवणार नाही.

नाव मागे घ्या. वाटल्यास आमच्या संघात राखीव म्हणून बसा. मी मंडळाला पटवतो.

धाकटा


१५ फेब्रुवारी

भावजी,

लोक हसतील, आणि तुम्हाला बघवणार नाही. हे तुम्ही मला लिहावं! धन्य आहे.

नाव मागे घेत नाही. राखीव म्हणून बसायला मी गाडीचं पाचवं चाक नाही. तुमचे दादा रोज डेपोतून आले की फासा टाकायचा सराव करतात, आणि वीस आले की सिस्टरना हाक मारून सांगतात. त्यांना मी ओढलं नाही. तुमचं दुसरं पत्र त्यांनी वाचलं आणि आपणहून म्हणाले, "माझंही नाव लिही." लगेच फासा मागून घेतला. तुम्हाला माहीत आहेत ते.

सामन्यात भेटू.

वहिनी


११ मार्च

ती. वहिनींना नमस्कार,

रविवारी हॉलमध्ये तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दादा बोलला, पण फक्त "चष्मा बरा आहे" एवढंच. म्हणून पुन्हा कागद घेतला.

निकाल तुम्हाला माहीत आहे. आम्हाला एक गुण, तुम्हाला शून्य. पहिल्या संघाला तीन होते. म्हणजे तसे आपण दोघंही गाळातच.

आमचं काय झालं ते सांगतो. कुप्या तिसऱ्या खोलीतच संपल्या. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं; डॉक्टर पडले तेव्हा दोन्ही मांत्रिक एकमेकांना म्हणत होते, "तुम्ही पाजा ना, तुम्ही जवळ आहात." पाचव्या खोलीत विमावाल्या बाईंनी अग्निगोळा टाकला, छत कोसळलं, आणि बारक्याचा नवा मांत्रिक खाली गेला. बाई स्वतः एका प्राणांकावर. मी त्यांना ओढून न्यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "जा हो तुम्ही, विमा उतरवलाय माझा." सगळे हसले, आणि मी सावलीतून सटकलो. सहावी, सातवी खोली, दार, बाहेर. एकटाच. तो एक गुण माझा. टाळ्या पडल्या दोन-तीन.

मग मी तुमच्या टेबलाकडे आलो. मागे उभा होतो, तुमचं लक्ष नव्हतं. तो चार हातांचा राक्षस, आणि तुम्ही चौघं. तो एकाला पाडतोय, तीन जण उठवताहेत. पुन्हा पाडतोय, पुन्हा उठवताहेत. परीक्षक म्हणाला वाक्य मोठ्याने म्हणा, तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवा, इथे तुझं नाव घेत नाही, राग मानू नकोस." तो बिचारा पुस्तक चाळत बसला आणि शेवटी म्हणाला, "चालेल." तीन तास संपले तेव्हा चौघंही जिवंत, आणि चौघंही चौथ्या खोलीत.

 परत येताना गाडीत बारक्या म्हणाला, "वहिनींना परत बोलवा." डॉक्टरही हो म्हणाले. आता सगळ्यांचंच म्हणणं पडलं आहे, की तुम्ही यावं. पुढल्या महिन्यापासून तुमची जागा तुमचीच.

झालं गेलं विसरून जा.

तुमचा धाकटा


१६ मार्च

भावजी यांस,

शून्य मिळालं ते मला झोंबलं, पण त्यातून शहाणपण आलं ते लिहिते, कारण तुम्ही तुलनेला बसला होतात तेव्हा ती अर्धीच राहिली.

चौघं उपासक घेणं ही माझी चूक होती. चौघंही वाढणारे, जेवणारा कुणी नाही, अशी पंगत झाली. राक्षस आम्हाला पाडून पाडून दमला, पण आम्हाला त्याला मारता येईना. सिस्टर तर म्हणाल्या, "याच्याही हाताला लागलंय, पट्टी बांधू का?" आणि यांनी खरंच सूत्रधाराला विचारलं, "तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?" दुसऱ्या खोलीच्या कुलपाशी आम्ही चाळीस मिनिटं बसलो होतो. भामटा असता तर चाळीस सेकंदांचं काम. तेव्हा तुमची आठवण आली, आणि तीही रागानेच आली.

म्हणजे मांत्रिक भारी आणि उपासक हलका हेही खोटं, आणि उपासक असला की झालं हेही खोटं. आम्ही चौघं जगलो आणि बाहेर आलो नाही. तुम्ही बाहेर आलात आणि चौघं राहिला नाहीत. टेबलाशी चार खुर्च्या का असतात, ते दोन्ही संघांना मिळून कळलं.

पण मला हे पत्र त्याच्यासाठी लिहायचं नव्हतं.

तुम्ही लिहिता, सगळ्यांचं म्हणणं पडलं की मी यावं. जानेवारीत लिहिलंत, मंडळाचं एकमत झालं की मी जावं. भावजी, प्रत्येक वेळी तुमच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतं. कधी मंडळ, कधी आकडे, कधी परीक्षक, कधी बारक्या. या चार पत्रांत तुम्ही स्वतः कुठे आहात? खेळात सावलीतून सटकता ते नियमात बसतं. माझ्यासमोर सटकलात ते बसत नाही.

मी पहिल्या पत्रात खरं कारण मागितलं. तेव्हाही मला ते माहीत होतं. मला ते तुमच्याकडून हवं होतं.

पुलाचा तो रविवार. मी हात जोडले, गप्प राहिले, म्हणाले, "राहू दे एक." तुम्ही काळ्या दारातून सुखरूप परत आलात, अंगाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "वहिनींचा देव रेशनवर मिळतो वाटतं." टेबलाला हसू फुटलं. डॉक्टरांचं मला काही वाटलं नाही, ते परके आहेत, आणि दातांच्या माणसाला लोकांची तोंडं उघडायची सवयच असते. त्या हसण्यात अजून एक आवाज होता. तो मी ओळखते, तो फुटला तेव्हापासून ओळखते.

मी वही मिटली, पिशवी घेतली, बसमध्ये बसले. त्यानंतर डिसेंबरात आले, तर माझ्याकडे कुणी बघेना. तुम्ही तर अजिबात नाही. आणि जानेवारीत माझी जागा गेली. तुम्हाला माझ्याकडे बघवेना म्हणून माझी जागा गेली. तेवढंच कारण. उपासक, मांत्रिक, कवच, गदा ही सगळी त्यावरची झाकणी.

मी चार महिने चिडले आहे ती खेळावर नाही. जागा मला हवी आहे. त्या खोलीत, त्या खुर्चीत बसायला मी बस धरते तेव्हा माझे दोन दिवस आधीपासून बरे जातात. पण ती "सगळ्यांचं म्हणणं पडलं" म्हणून नको. जे झालं ते तुमच्या हाताने लिहा. लिहिता येत नसेल तर जागा दुसऱ्या कुणाला द्या आणि मला पत्र पाठवू नका.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

तीन कागद फाडले. एकात नियम लिहिले होते, दुसऱ्यात डॉक्टरांना नावं ठेवली होती. तिसऱ्यात तुम्हालाच दोन गोष्टी सुनावल्या होत्या. फाडले.

मी हसलो.

डॉक्टर बोलले आणि सगळे हसले, असं तुम्ही लिहिलंत. तसं नव्हतं. डॉक्टर बोलल्यावर एक क्षण कुणीच हसलं नाही, बारक्या तर रडकुंडीला आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण वहिनी माझी. तुमचे हात तोवर जोडलेलेच होते. आणि मी हसलो. मग बाकीचे हसले. मी गप्प राहिलो असतो तर कुणी हसलं नसतं.

ती प्रार्थना माझ्यासाठी ठेवली होती हे तुमचं पत्र येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आल्यावर माहीत झालं, तरी बारा फेब्रुवारीला मी तुम्हाला लोक हसतील म्हणून लिहिलं. ते वाचून तुम्हाला काय वाटलं असेल ते आज कळतं.

मंडळाला तुम्ही नकोत असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

धाकटा


२ एप्रिल

भावजी यांस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. यांनाही दिलं, त्यांनी वाचून घडी घातली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "लिहिलं एकदाचं." मग डेपोत गेले.

तुम्ही आधी हसलात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही बाकीच्यांबरोबर हसलात. म्हणजे मी समजत होते त्याहून हे वाईट आहे. काल दिवसभर माझ्या हातून भांडी आपटत होती. तरी हे न सांगता तुम्हाला सुटता आलं असतं, आणि तुम्ही सांगितलंत, हेही मी पाहिलं.

चौदा तारखेच्या रविवारी सव्वासातच्या बसने येते. कुणालाही माझी समजूत घालायला लावू नका, डॉक्टरांना तर मुळीच नको. बारक्याच्या नव्या मांत्रिकाला किती प्राणांक आहेत ते विचारून ठेवा, आणि गुहेत पुढे जायचं असेल तर मला तोंडाने सांगून जा.

राग गेला म्हणून येत नाही. तो जायचा तेव्हा जाईल. त्याची वाट बघत मी घरी बसणार नाही.

वहिनी